एक्स्चेंजची ‘आयडी’: समोर बसलंय कोण?

आयपीएल जवळ आली की नाशिकमध्ये सातपूरच्या टपरीपासून कॉलेज रोडच्या कॅफेपर्यंत एक प्रश्न हमखास कानावर पडतो: ‘आयडी पाहिजे का?’ हो म्हटलं की व्हॉट्सअॅपवर लिंक, युजरनेम आणि पासवर्ड येतो. कुणाच्या तरी यूपीआयवर पाचशे-हजार टाकले की तेवढे पॉइंट दिसू लागतात. स्क्रीनवर निळी चौकट लावायला (संघ जिंकेल म्हणून), गुलाबी खायला (तो जिंकणार नाही म्हणून), आणि आकडे सतत लुकलुकत असतात. वर ठळक अक्षरांत ‘एक्स्चेंज’. हे परीक्षण त्या एका शब्दाचं आहे. रंग, वेग, मांडणी यांना पूर्ण गुण देऊन टाकू. त्यात ही मंडळी कसर ठेवत नाहीत.

एक्स्चेंजमध्ये मालक स्वतः खेळत नाही. तुम्ही लावलेलं दुसऱ्या गिऱ्हाइकाने खाल्लेलं असतं. यंत्र फक्त जोडी जुळवतं आणि जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यातून साधारण २ ते ५ टक्के कमिशन घेतं. २००० साली इंग्लंडात सुरू झालेल्या बेटफेअरमुळे ही पद्धत रूढ झाली. जुळणीचा नियम शेअर बाजारातलाच आहे: आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेला.

समजा एका संघाच्या विजयावर लावायला १.९२ ला १२,००० रुपये, १.९१ ला ५,००० आणि १.९० ला ३०,००० उपलब्ध आहेत (१.९२ म्हणजे १०० लावून जिंकलात तर मुद्दलासकट १९२). तुम्ही ‘किमान १.९०’ म्हणून २०,००० लावले. खरं एक्स्चेंज आधी १.९२ चे १२,००० देईल, मग १.९१ चे ५,००० आणि उरलेले ३,००० तेवढे १.९० ने. सरासरी भाव १.९१४५ पडतो. तुम्ही १.९० ला तयार होतात, म्हणून सगळं १.९० ने गळ्यात मारता येत नाही. १.९० ला ३०,००० घेऊन थांबलेल्यांपैकीही ज्याने आधी मागणी टाकली, त्याचेच ३,००० आधी जातात.

आयडीवाल्या पॅनलवर, म्हणजे त्या लिंकवरच्या साइटवर, हेच करून पाहिलं तर बहुधा २०,००० एका फटक्यात, एकाच भावाने ‘मॅच’ झालेले दिसतात. नवख्याला ते सोयीचं वाटतं. खरं तर शंका इथेच यायला हवी. समोर रांगच नसेल तर तुकडे कशाचे पडणार? भाव परदेशी एक्स्चेंजवरून उचललेले असतात, रक्कम मात्र तिथे पोचत नाही. ती एजंट, मास्टर, सुपर मास्टर अशा साखळीत हिश्शाने वाटली जाते. एजंटचा हिस्सा ४० टक्के धरला तर तुमच्या १०,००० च्या हरण्यातले ४,००० त्याचे, आणि तुमच्या १०,००० च्या जिंकण्यातले ४,००० त्याच्या खिशातून. ज्याला भाव, वेळ आणि निकाल पाहायला बसवलंय, त्यालाच तुम्ही हरायला हवे आहात. शेअरमधल्या डब्ब्याचाच, म्हणजे सौदा बाजारात न नेता दलालाच्या वहीतच ठेवण्याच्या धंद्याचाच, हा भाऊ. फक्त निफ्टीच्या जागी पॉवरप्ले.

ओळखायची सर्वांत साधी खूण निळ्या-गुलाबीच्या मधल्या फटीत आहे. लावायला १.९० आणि खायला १.९४ असा भाव असेल, तर खऱ्या एक्स्चेंजवर ‘मला १.९३ ने लावायचंय’ अशी मागणी ठेवता येते. लगेच गुलाबी बाजूला १.९३ आणि त्याखाली तुमची रक्कम उमटते, आणि ती जगातल्या कुठल्याही खात्यातून दिसते. लासलगावच्या लिलावात व्यापाऱ्याची बोली ट्रॉलीभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाते, तसंच हे. पॅनलवर एकतर मधला भाव टाकताच येत नाही, किंवा टाकला तरी दुसऱ्या खात्यातून तो दिसत नाही. म्हणजे बोलणारे तुम्ही एकटे, आणि ऐकणारा फक्त एजंट.

दुसरी खूण वेळेची. चालू सामन्यात खरं एक्स्चेंजही तुमची मागणी रोखून धरतं, साधारण १ ते १२ सेकंद. मैदानात बसलेल्या माणसाला चौकार टीव्हीच्या आधी दिसतो, त्याने रांगेतल्यांना लुटू नये म्हणून ही अट. रांगेतला माणूस तेवढ्यात आपली मागणी मागे घेऊ शकतो. रद्द करायला थांबावं लागत नाही. थांबण्याचा काळ संपला की भाव तुमच्या विरुद्ध गेलेला असेल तर मागणी न जुळता राहते, बाजूने गेलेला असेल तर चढा भाव मिळतो. पॅनलवर काळ तोच, नियम उफराटा: भाव तुमच्या बाजूने सरकला की ‘रेट चेंज, बेट नॉट ॲक्सेप्टेड’, विरुद्ध सरकला की मुकाट्याने स्वीकार. एका बेटवर हे कळत नाही. पन्नास बेटांच्या स्क्रीनशॉटमध्ये नाकारलेल्या आणि घेतलेल्या मागण्या वेगळ्या काढल्या तर लगेच कळतं.

आता सेशन, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरची पैज. याला फॅन्सीही म्हणतात. इथे तर जुळणीचं नाटकही नसतं. सहा षटकांच्या सेशनचा भाव ‘४८-५०’ असेल तर ‘नो’ वाला ४७ किंवा कमी धावांवर जिंकतो, ‘येस’ वाला ५० किंवा जास्तवर. धावा ४८ किंवा ४९ झाल्या तर दोघेही हरतात आणि दोघांचे पैसे वर जातात. आकडा ठरवणारा तोच, तो सरकवणारा तोच, ‘बॉल रनिंग’ची पाटी लावून बाजार थांबवणाराही तोच. वाद झालाच तर ‘सेशन कॅन्सल’ हा शेवटचा शब्दही त्याचाच. पॅनलच्या सगळ्या भागांत हा सर्वांत वाईट, आणि गर्दीही इथेच.

खरं एक्स्चेंज म्हणजे देवळातला तराजू, असंही कुणी समजू नये. तिथे रांगेत पुढे उभे असतात ते बहुतेक बॉट, म्हणजे आपोआप बेट लावणारे प्रोग्रॅम. माणसाचं बोट माउसपर्यंत जाईतो त्यांनी भाव बदललेला असतो. सतत मोठा नफा करणाऱ्यांवर बेटफेअरने २००८ पासून वेगळा प्रीमियम चार्ज लावला होता. २८ डिसेंबर २०११ ला आयर्लंडमधल्या लेपर्ड्सटाउनच्या शर्यतीत व्होलेर ला व्हेदेत ही घोडी जिंकायच्या बेतात असतानाही तिच्यावर २८ ला १ या भावाने सुमारे २.१ कोटी पाउंड लावून घेण्याची तयारी स्क्रीनवर दिसत होती. हिशोब केला तर जोखीम जवळपास ६० कोटी पाउंडांची. एका गिऱ्हाइकाचा बॉट बिघडला होता आणि खात्यात तेवढे पैसे आहेत का हे पाहणारी तपासणी निसटली होती. बेटफेअरने शर्यत सुरू झाल्यानंतरच्या सगळ्या बेट रद्द केल्या. नाराजी झाली, पण काय बिघडलं ते कंपनीला जाहीरपणे सांगावं लागलं. आयडीवाल्याला विचारलं तर उत्तर येतं, ‘वरून आलंय.’

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० तर पैजेचा करारच रद्दबातल मानतं, म्हणून जिंकलेल्या रकमेसाठी कोर्टात जाता येत नाही. खरं असो की खोटं, नाशिकमध्ये बसून कुठल्याही एक्स्चेंजवर पैसे लावणं आम्ही सुचवत नाही.

पैसे काढतानाचा धोका मात्र लोक विसरतात. पैसे भरायचं खातं दर दोन दिवसांनी बदलतं, कारण ती भाड्याने घेतलेली खाती असतात. तुमच्या खात्यात ‘विड्रॉल’ म्हणून आलेले ५,००० मुळात कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले, तर भलत्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमच्या खात्यावर लीन लागतो, म्हणजे पैसे गोठवले जातात. कधी तेवढ्या रकमेवर, कधी अख्ख्या खात्यावर, पगारासकट.

आधीच अडकला असाल तर ‘रिकव्हरी’साठी पुन्हा पैसे भरू नका, ‘टॅक्स भरा, मग विड्रॉल सुटेल’ हा त्याच दुकानातला पुढचा माल आहे. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) बँकेच्या स्टेटमेंटमधून उतरवून घ्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. एजंटला ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण तक्रारीचा वास लागला की आयडी आधी बंद होते आणि स्क्रीनवरचा सगळा हिशोब तिच्याबरोबर जातो.