वर्कस्पेस की ओव्हरराइड्स: क्रोममध्ये केलेला बदल जातो कुठे?

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (पानाचा कोड तपासायच्या, बदलून पाहायच्या ब्राउझरमधल्याच साधनांत) स्टाइल्समध्ये बटणाचं पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, ८ पिक्सेलचं १२ केलं, बटण छान दिसलं, पान रिफ्रेश केलं आणि परत ८. हा बदल टिकवायला डेव्हटूल्समध्येच, सोर्सेस पॅनेलमध्ये, दोन सोयी आहेत. वर्कस्पेस थेट तुमच्या प्रकल्पातल्या मूळ फाइलमध्ये लिहितं. ओव्हरराइड्स सर्व्हरवरून आलेल्या फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि रिफ्रेश केल्यावर तीच पानाला देतं. सर्व्हरवर मात्र दोन्हींपैकी काहीच चढत नाही. ते काम गिट किंवा एफटीपीसारख्या फाइल चढवायच्या साधनानं तुम्हालाच करायचं आहे.

कोड तुमच्या मशीनवर असेल आणि साइट लोकलहोस्टवर, म्हणजे तुमच्याच मशीनवरच्या सर्व्हरवर, चालत असेल, तर डोळे झाकून वर्कस्पेस घ्या. वर्कस्पेस टॅबमध्ये फोल्डर जोडा, वर येणाऱ्या पट्टीत परवानगी द्या. फाइलच्या नावाशेजारी हिरवा ठिपका आला की जोडणी झाली; आता कंट्रोल+एस दाबलं की बदल डिस्कवर.

ठिपका आलाच नाही तर? डिस्कवरची फाइल आणि ब्राउझरनं उचललेली फाइल जुळत नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेक वेळा कॅशमधली, म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेली, जुनी फाइल आडवी आलेली असते: नेटवर्क पॅनेलमध्ये ‘डिसेबल कॅश’वर टिक करा आणि डेव्हटूल्स उघडी ठेवून पान पुन्हा लोड करा. तरी जुळेना, तर फोल्डर तपासा. सर्व्हर एका फोल्डरमधून फाइल देतो आणि जोडलेलं असतं दुसरंच, हे सर्रास होतं. तिसरं कारण बिल्डचं, म्हणजे मूळ कोडपासून ब्राउझरला द्यायची फाइल तयार करण्याचं. सास किंवा टाइपस्क्रिप्टमधून तयार झालेली, मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा वगैरे काढून आटोपशीर केलेली) फाइल मूळ फाइलशी जुळणार कशी? तिथे सोर्समॅप (तयार फाइलची कोणती ओळ मूळ फाइलमध्ये कुठे आहे ते सांगणारे नकाशे) चालू असावे लागतात.

एलिमेंट्स पॅनेलमध्ये एचटीएमएलची रचना बदललीत, तर ती कुठेच सेव्ह होत नाही. एचटीएमएल फाइल सोर्सेसमध्ये उघडून बदला.

साइट लाइव्ह आहे, कोड हाताशी नाही, फक्त दुरुस्ती चालते का ते पाहायचंय: इथे ओव्हरराइड्सच. क्रोम ६५ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय आहे. नेटवर्कमध्ये फाइलवर राइट-क्लिक, ‘ओव्हरराइड कंटेंट’, रिकामं फोल्डर निवडा, परवानगी द्या. ठिपका जांभळा येतो. बिल्डनंतर फाइलच्या नावातला हॅश (मजकुरानुसार बदलणारी अक्षर-अंकांची खूण) बदलला, की जुनी प्रत लागू होणं बंद होतं.

याहून त्रासदायक म्हणजे विसरलेलं ओव्हरराइड. नवी फाइल चढवली, सगळ्यांना नवी दिसते, तुम्हाला जुनीच. अशा वेळी सर्व्हरवर शोधाशोध करण्याआधी डेव्हटूल्स बंद करून पान रिफ्रेश करा. ओव्हरराइड्स डेव्हटूल्स उघडी असतानाच चालतात. नवी फाइल दिसली, तर ओव्हरराइड्स टॅबमधली टिक काढा आणि ती प्रत डिस्कवरून पुसून टाका.