फिरतीवर परक्या जिममध्ये : आठ महिने पास वापरल्यानंतर

बँकांच्या शाखांचं ऑडिट हे माझं काम. महिन्यातले बारा-पंधरा दिवस बाहेरगावी, लॉजच्या खोलीत. पुण्यात घराजवळच्या जिममध्ये चार वर्षं स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा रॉड उभं राहत उचलणं) नेमाने चालू होतं आणि फिरती वाढल्यावर सगळंच गाडं घसरलं. खोलीत पलंग आणि टीव्हीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सूर्यनमस्कार घालून किती दिवस भागवणार? म्हणून गेल्या जूनमध्ये 'कुठल्याही शहरात चालेल' असा जिमचा वर्षाचा पास ॲपवर घेतला.

पासाबद्दल आधी सांगून टाकते, कारण त्यात फारसं सांगण्यासारखं नाही. मुंबई, नाशिक, नागपूर इथे छान चालला. क्यूआर दाखवा, आत जा. माझं बरंचसं काम मात्र तालुक्याच्या गावी, आणि तिथे ॲपवर एकही जिम दिसत नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणी दिसली, म्हणून सकाळी सहाला रिक्षा करून गेले, तर काउंटरवरचा मुलगा डोळे चोळत म्हणाला, "ते ॲपवालं आम्ही गणपतीतच बंद केलं, मॅडम." शंभर रुपये रोख दिले आणि व्यायाम केला. आठ महिन्यांत पासावर जेवढ्या वेळा गेले, त्याच्या दुप्पट वेळा असे रोख देऊन गेले असेन. दर बहुतेक ठिकाणी शंभर-दीडशे, मुंबईत एकदा पाचशे. काही ठिकाणी एका दिवसाचा दरच ठरलेला नसतो. अमरावतीला मालकांनी पैसे घेतलेच नाहीत. "राहू द्या ना जी, दोनच दिवस तर आहे तुम्ही." मग मी मारुतीच्या फोटोपुढच्या डब्यात टाकले.

तर आता मी आदल्या दिवशी सरळ फोन करते आणि तीन गोष्टी विचारते. एका दिवसाचे किती? दुपारी बंद असते का? आणि लेडीज बॅच असते का, मिक्स वेळेत बाई आली तर चालतं का? लहान गावांत जिम सकाळी दहा-अकराला बंद होते ती चार-पाचलाच उघडते, रविवारी बऱ्याचदा उघडतच नाही. लेडीज बॅच बहुधा दुपारी चार ते पाच, म्हणजे नेमकी मी बँकेत व्हाउचर तपासत असते तेव्हा. मिक्स वेळेत या म्हणाले तर ठीक. जरा घुटमळले तर मी वाद घालत नाही. हक्काचा प्रश्न आहे हे कळतं मला, पण दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुणीने तिथे भांडून निघून जायचं आणि रोज येणाऱ्या चार पोरींचं अवघड करून ठेवायचं, हे मला पटत नाही.

नांदेडला ऑडिट लवकर आटोपलं आणि बॅच मिळाली. दार आतून लावलेलं, पुरुष ट्रेनर बाहेर. बायका बुरखे, ओढण्या खुंटीला अडकवून मोकळ्या होऊन व्यायाम करत होत्या. मी सवयीने डेडलिफ्टचा व्हिडिओ घ्यायला फोन प्लेटच्या स्टँडवर टेकवला आणि अख्ख्या खोलीचं बोलणं थांबलं. कुणी काही म्हणालं नाही. मीच फोन बॅगेत टाकला आणि सॉरी म्हटलं. तेव्हापासून लेडीज बॅचमध्ये फोन दाराशीच बंद करते. घड्याळ भिंतीवर असतंच, तेवढं सेटच्या मधल्या विश्रांतीला पुरतं.

आता माझीच फजिती. लातूरला रॉडवर दोन्हीकडे 25 आणि 10 च्या प्लेटा लावल्या. रॉड 20 चा, म्हणजे झाले 90 किलो, मी नेहमी उचलते तेवढं. उचललं तर काय, फुलासारखं! पाचच्या जागी आठ मारले, तेही मजेत. लातूरची हवा मानवली म्हणायचं, असं वाटून पुण्याच्या ट्रेनरला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, प्लेट झूम करून बघा." प्लेटा पौंडांच्या होत्या. 25 पौंड म्हणजे 11.3 किलो, सगळं मिळून जेमतेम 52. हे उलट झालं नाही हे नशीब. म्हणून आता परक्या जिममध्ये पहिला सेट रिकाम्या रॉडचा, आणि तोही एका टोकाने उचलून अंदाज घेतल्यावर. ऑलिंपिक रॉड 20 किलोचा, बायकांचा 15 चा, हे खरं. पण गावातल्या लेथवर बनवून घेतलेला रॉड आठचा की बाराचा हे तिथल्या पोरांनाच माहीत असतं. विचारायला लाजू नये. उलट विचारलं की ओळख होते आणि पुढे टेकू द्यायला कुणीतरी उभं राहतं.

याहून मोठी फजिती एका तालुक्याच्या गावची. जिम दुसऱ्या मजल्यावर, जिना मागच्या बोळातून. संध्याकाळी सहाला गेले. खरे 80 किलो लावले, आणि शेवटच्या दोन वेळी उचललेला रॉड हातातून सोडला. खाली रबर मॅट होती, पण आवाज झालाच, चांगला धाडकन झाला. दुसऱ्या दिवशी शाखेत मॅनेजर साहेब चहा पुढे करत म्हणाले, "काल वर कोण आलं होतं काय माहीत, मॅडम. आमची कॅश जुळत नव्हती आणि वरून धाड धाड. स्लॅबची माती पडली स्ट्राँगरूमपुढं." जिम बँकेच्या डोक्यावरच होती. बोळातून गेल्यामुळे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी चहा प्यायले आणि बुकातल्या चुका त्या दिवशी जरा हळू आवाजात सांगितल्या. आपल्याकडच्या बहुतेक जिम अशाच कुणाच्या तरी डोक्यावर असतात, दुकान, क्लास, नाहीतर दवाखाना. तळमजल्यावर नसाल तर डेडलिफ्ट खाली ठेवायचा, टाकायचा नाही. आणि आत शिरण्याआधी इमारत एकदा पुढून बघून घ्यायची.

बूट वेगळे न्या, हे सगळेच सांगतात. चिपळूणला जुलैत गेलात तर ते का, हे समजावून सांगावं लागत नाही. मोठा नॅपकिन, स्वतःचं छोटं कुलूप, बस. पकड घट्ट बसावी म्हणून हाताला लावतात तो चॉक नेऊ नका. त्याची पांढरी भुकटी काळ्या मॅटवर सांडते आणि पुसायला तिथली मावशी येते.

तिथले लोक कसे वागतात? सांगायचं तर मुंबईपेक्षा लहान गावात जागा जास्त मिळते. मुंबईत संध्याकाळी सातला स्क्वॉटचा रॉड ठेवायच्या रॅकवर एकजण मोबाइल घेऊन बसलेला असतो आणि "किती सेट राहिले?" विचारलं की "झालंच" म्हणतो. लगेच "मधे मधे घेऊ का?" असं विचारलं तर मात्र नाही म्हणत नाही. हे वाक्य महाराष्ट्रभर चालतं. कोल्हापूरला उत्तर येतं, "घ्या की ताई, त्यात विचारायचं काय." एवढं मात्र जपायचं की दुसऱ्याच्या प्लेटा उतरवल्या तर पुन्हा होत्या तशा लावून द्यायच्या.

न विचारता सल्ला मी एकदाच दिला. एक कोवळा मुलगा पाठीला बाक काढून डेडलिफ्ट मारत होता, राहवलं नाही. तिथले सर लांबून बघत होते. ते आले, मुलाला म्हणाले, "मॅडम सांगतात तसं कर," आणि नंतर अर्धा तास माझ्याकडे बघितलं नाही. बरोबर होतं त्यांचं. सरांना बाजूला नेऊन सांगायला हवं होतं.

कोल्हापूरला शाखेतल्या शिपाईमामांनी त्यांच्या पोराची तालीम दाखवायला नेलं. गंगावेश, मोतीबाग ही नावं ऐकलेली. ही त्या मानाने लहान, गल्लीतली. चपला बाहेर. हौद्यात ताक, तेल, हळद घालून मुरवलेली तांबडी माती, तिचा वास दारापर्यंत. पोरं उतरण्याआधी माती कपाळाला लावत होती. बाहेरगावचा एक पैलवान आला होता, चांगला दांडगा. तोसुद्धा कडेला उभा राहिला. वस्तादांच्या पाया पडला, त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे आत उतरला. मला आपलं ॲपवरचं हिरवं टिकमार्क आठवलं.

शनिवारी संध्याकाळी बऱ्याच जिममध्ये मारुतीच्या फोटोला रुईच्या पानांची माळ घालतात, गाणी बंद होतात, नारळ फुटतो. पाच मिनिटं सेट थांबवायचा. खोबरं मिळतं ते खायचं, डाएट नंतर.

जूनमध्ये पास संपेल, पुन्हा घेणार नाही. डायरीच्या मागच्या पानावर तेवीस जिमचे नंबर जमलेत, कंसात दुपारच्या वेळा. पुढच्या सोमवारी धाराशिवला जायचंय. काल तिथे फोन लावला. दर शंभर, बाई चालते, मिक्स वेळ सकाळी सहा ते नऊ. मी म्हटलं, "दादा, डेडलिफ्ट मारते मी. कितव्या मजल्यावर आहात?"

"पहिल्या. खाली दाताचा दवाखाना आहे. पण डॉक्टर दहाला येतात, मॅडम, तुम्ही या."