सागवानी मल्लखांब, काळी माती आणि अढी : 9 महिन्यांच्या वापरानंतर

दसऱ्याला गावातल्या आखाड्यात पुरलेला हा खांब आषाढ लागेपर्यंत रोज वापरात आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं, पायाखाली काळी माती. सकाळी 15-16 पोट्टे-पोट्ट्या त्यावर येतात आणि सगळ्यांचं पहिलं मोठं काम एकच असतं : अढी, म्हणजे उलटं होऊन नुसत्या पायांवर खांब धरणं. म्हणून खांबाचं मोजमापही इथे अढीच्याच हिशेबाने केलं आहे.

खांब जमिनीवर 2.6 मीटर, जमिनीत साधारण 1 मीटर. बुडाशी घेर 54 सें.मी., मानेखाली 31. मान, म्हणजे वरचा निमुळता भाग, 18 सें.मी. लांब, तिच्यावर बोंड, म्हणजे टोकाचा गोळा. लाकूड पक्कं साग, गाठी दोनच आणि त्याही वरच्या बाजूला, मांड्या येतात त्या पट्ट्यात एकही नाही. घेताना हे आवर्जून बघा. गाठीभोवतीचे रेशे आडवेतिडवे असतात, तिथे रंधा नीट बसत नाही आणि मांडीला पहिला ओरखडा तिथेच येतो.

खांबापेक्षा खड्ड्यानेच जास्त डोकं खाल्लं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात नुसता पुरलेला खांब एक-दोन वर्षांत कलतो. इथे खड्डा सव्वा मीटर खोल आणि तेवढाच रुंद घेतला, काढलेली काळी माती परत टाकली नाही. तळाला वीतभर गिट्टी, तिच्यावर खांब, भोवती मुरूम थराथराने पाणी मारून धुमसून, आणि वरच्या दीड फुटात काँक्रीट. जमिनीतला भाग आधी डांबराने माखला. वाळवी डांबराला तोंड लावत नाही, पण डांबर जमिनीच्या वर चार बोटं दिसलं पाहिजे, कारण लाकूड कुजतं ते माती आणि हवा मिळतात त्या रेषेवर. मे अखेरीस ओळंबा लावला तेव्हा बोंडाशी फरक एका बोटाएवढाही नव्हता. याच आखाड्यातला आधीचा खांब, जो मातीतच पुरला होता, दुसऱ्या पावसाळ्यानंतर डोळ्याला दिसेल इतका कलला होता. खांब विकणारा यातलं काही सांगत नाही. मुरूम, सिमेंट आणि मजुरीचा खर्च वेगळा धरून ठेवा.

एप्रिलमध्ये खांबाला उभी भेग पडली, छातीच्या उंचीवर, दीड वीत लांब, नख जाईल एवढी. यात घाबरण्यासारखं काही नाही, लाकूड वाळताना असं करतं. चूक झाली ती उपायात. भुसा आणि फेविकॉल कालवून भेग भरली. पहिल्या पावसात लाकूड फुगलं, भेग मिटायला लागली आणि आतलं भरण टणक पट्टीसारखं बाहेर उचकटून आलं. ती कड पायाला ब्लेडसारखी लागते. भेग न भरता तिच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरने गोल करणं हाच इलाज बरा. आधी 80 नंबर, मग 150, शेवटी 220. बोटाच्या पेराला कड जाणवली नाही की झालं.

तेल एरंडेलच. खोबरेल लाकडात मुरतं आणि सकाळच्या थंडीत गोठतं, गोडतेल चिकट होऊन धूळ धरतं. एका सकाळला 4-5 चमचे पुरतात. फडक्याने खालून वर चोळायचं आणि कोरड्या फडक्याने एकदा पुसून घ्यायचं. तपासायला तळवा खांबावर दाबून खाली ओढा : चरचरला तर तेल कमी, सुळकन गेला तर जास्त, अडखळत पण आवाज न करता सरकला तर बरोबर. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीची धूळ तेलावर बसून खांब काचकागदासारखा होतो. त्या दिवसांत जुनं धोतर गुंडाळून ठेवा. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरून बुरशी येते.

आता अढी. हल्ली पोट्ट्या मोबाईलवर पोल डान्सचे व्हिडिओ बघून येतात आणि गुडघ्याची खाच खांबाला लावून लटकायला बघतात. तिथे ते जमतं, कारण तो स्टीलचा दांडा साधारण 45 मिलिमीटर जाडीचा असतो, गुडघा त्याच्याभोवती बंद होतो आणि कोरडी कातडी धातूला चिकटते. तेल तिथे चालतच नाही. इथे छातीच्या उंचीवर खांबाची जाडी 14 सें.मी.च्या आसपास आहे आणि वर तेल आहे. गुडघा बंद होणारच नाही. खांब धरतात त्या मांड्यांच्या आतल्या बाजू, पोटऱ्या आणि पलीकडे एकमेकांत अडकलेले घोटे. हा फरक समजावला नाही तर महिनाभर पोरं चुकीच्या जागी जोर लावत राहतात.

शिकवताना अढी वरून खाली शिकवायची, म्हणजे उतरणं आधी. दोघांनी कंबर आणि खांदे धरून पोराला उलटं खांबाला लावायचं. पाठ खांबाकडे, तोंड बाहेर. मांड्यांमध्ये खांब, गुडघे मागे वळलेले, घोटे पलीकडे एकमेकांवर. मग त्याला हातांनी खांब धरायला सांगायचं, धरल्याची खात्री झाली की घोटे सोडायचे आणि एकेक पाय खाली आणायचा. आधी हात, मग पाय. हे 10-12 वेळा न सांगता झालं की मगच वर जायचं. उलट क्रमाने शिकलेला पोरगा घाबरला की आधी पाय सोडतो, आणि तो सरळ मानेवर येतो. दोन सेकंदांचा खेळ आहे.

वर जाताना खांबासमोर हातभर अंतरावर उभं राहायचं. एक हात डोक्याच्या उंचीवर, दुसरा छातीशी, खांब कवेत, डोकं बाजूला काढलेलं. गुडघे आधी छातीशी आणायचे, मग कंबर वर, आणि सगळ्यात शेवटी पाय खांबाच्या दोन बाजूंनी. बहुतेकजण उलटं करतात, पायाला हिसका देऊन कंबर ओढायला बघतात. त्याने कंबर खांबापासून लांब पडते, मांड्यांऐवजी पोटऱ्याच खांबाला लागतात आणि माणूस इंचाइंचाने घसरतो. घसरण बघायची असेल तर खांबावर खडूने रेघ मारा आणि टाचा तिच्यावर ठेवा. 5 सेकंदांत टाच रेघेखाली चार बोटं गेली तर दोष तेलाचा नाही, कंबरेचा आहे.

हात सोडायची घाई नको. आधी एक हात छातीशी, 3 सेकंद. मग दुसरा. मग दोन्ही हात जोडून नमस्कार. हनुवटी किंचित छातीकडे. डोकं मागे टाकलं की खांबावर आपटतं आणि कंबरेची पकडही सुटते. सुरुवातीला 5 ते 10 सेकंद, सकाळला 6-7 वेळा, त्याहून जास्त नाही. श्वास कोंडला की चेहरा लालबुंद होतो, म्हणून मोठ्याने आकडे मोजायला लावा. जेवून अडीच-तीन तास झालेले असावेत. रक्तदाब, काचबिंदू, मानेचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर हा प्रकार नकोच.

मांडीची आतली कातडी पहिले दोन आठवडे सोलवटते. खांब नवा म्हणून नाही, कोणत्याही खांबावर हेच होतं. सोललेल्या जागेवर लांब पॅन्ट घालून अढी घेतली तर कापड घसरतं आणि माणूस कापडासकट खाली येतो. मांडी उघडी हवी आणि जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी. पट्टी लावूनही नाही, पट्टी तेलाने सुटते.

खाली भुसभुशीत मातीचा हौद आहे, त्यावर गादी. गादीला मध्ये कापून खांबाभोवती बसवली नाही तर खांब आणि गादीत वीतभर फट राहते आणि डोकं नेमकं तिथेच येतं. बाजारातली घडीची गादी याच कारणाने बाद केली.

मे महिन्यात सराव साडेपाच ते सात. त्यानंतर घाम आणि पातळ झालेलं तेल मिळून पकड उरत नाही. डिसेंबरात उलटं होतं : खांब गार, कातडी कोरडी, पहिली 10 मिनिटं मांड्या आणि खांब दोन्ही हाताने चोळून गरम करावे लागतात. पाऊस लागल्यावर वर पत्रा नसेल तर सराव बंदच. ओला साग सुकायला दोन दिवस घेतो आणि वरून कोरडा दिसला तरी मांडीला ओल कळते.

या खांबाबद्दल खरी तक्रार एकच, त्यातही अर्धी चूक खांब घेणाऱ्यांची. 54 घेराचा खांब मोठ्यांचा आहे. 9-10 वर्षांच्या आतल्या पोरांचे घोटे पलीकडे भेटतच नाहीत, ती नुसती मांड्यांनी लोंबकळतात आणि आठ दिवसांत कंटाळून यायची बंद होतात. या वर्षी तशी चार गेली. लहानांसाठी बुडाशी 38-40 घेराचा आणि दोन मीटरच्या आत उंचीचा वेगळा खांब लागतो. दोन्ही एकदम घ्या, खड्डे एकाच दिवशी होतात. जवळपास कुठे बघायचं असेल तर अमरावतीला 1914 पासून चालू असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जाऊन खांबांना हात लावून या. मोजपट्टी सोबत न्या आणि घेर बुडाशी, छातीशी आणि मानेखाली असा तीन ठिकाणी मोजा. सुतार एकच आकडा विचारतो आणि मधला भाग अंदाजाने सोडतो. अढी मात्र त्या मधल्या भागावरच लागते.