नवीन टायर घरी चढवायचा, पंक्चरवाल्याकडे की मशीनवर?

पावसाळ्याच्या तोंडावर कोणी ना कोणी विचारतंच, बाइकचा टायर ऑनलाइन मागवलाय, घरी चढवू का दुकानात नेऊ. मी आधी उलट विचारतो, चाक कुठलं आहे? स्पोकचं चाक आणि आत ट्यूब असेल तर खुशाल घरी करा. अलॉय (स्पोक नसलेलं ओतीव चाक) आणि ट्यूबलेस असेल तर चाक घरी काढा, पण टायर मशीनवरच चढवून आणा. माझी स्प्लेंडर स्पोकची, भावाची पल्सर ट्यूबलेस, दोन्हींवर हात मारून झालाय म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

आधी ट्यूबवाल्याचं बघू. स्प्लेंडरचा ८०/१००-१८ टायर मऊ असतो, अर्धा तास उन्हात ठेवला की अजून नरम पडतो, आणि दोन-तीन टायर लिव्हर (पंक्चरवाल्याकडची ती लांब चपटी पट्टी) आणि साबणाचं पाणी एवढ्यावर काम होतं. ऑइल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, रबर खराब होतं आणि टायर रिमवर सरकतो. ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरायची, जेमतेम गोल होईल एवढी, म्हणजे ती पट्टीखाली येत नाही. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. रिमच्या मधोमध खोल खाच असते, टायरची कड म्हणजे बीड समोरच्या बाजूला त्या खाचेत गुडघ्याने दाबून धरली की इकडे ढिलाई मिळते, आणि मग शेवटची वीतभर कड जोर न लावता आत जाते. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, बीड खाचेत नसते आणि ते पट्टीवर लटकतात. मी पहिल्यांदा तेच केलं, टायर चढला, हवा भरली, दहा मिनिटांत सगळी हवा गेली, उघडून बघितलं तर नव्या ट्यूबला दातांसारख्या दोन चिरा शेजारी शेजारी. खूप वाईट वाटलं होतं. तेव्हापासून ज्या ठिकाणी जोर लागतोय तिथे थांबतो आणि समोरची बाजू परत दाबतो.

शेवटी व्हॉल्व्ह अंगठ्याने एकदा आत ढकलायचा, म्हणजे बीडखाली ट्यूब अडकली असेल तर सुटते. हवा भरायची, पूर्ण सोडायची, परत भरायची, ट्यूबच्या सुरकुत्या जातात.

आता हेच काम पंक्चरवाला पंधरा मिनिटांत करतो, पैसेही फार घेत नाही, आणि ट्यूबच्या टायरला त्याचा हात आपल्यापेक्षा कितीतरी चांगला असतो हे मान्य करायलाच पाहिजे. मग घरी कशाला? कारण चाक काढलंच आहे तर ब्रेक शू, बेअरिंग, रिमच्या आतली रबरी पट्टी (स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून असते ती), गंजलेले स्पोक सगळं निवांत बघून होतं, गर्दीच्या दुकानात एवढा वेळ कोण देणार. आणि हायवेवर रात्री पंक्चर झालं तर हात बसलेला असतो.

ट्यूबलेसचं गणित वेगळं. तिथे हवा धरून ठेवते ती बीड आणि रिमची कड, मध्ये ट्यूब नाही, त्यामुळे पट्टीचा एक खोल ओरखडा किंवा बीडला गेलेला काप म्हणजे कायमची हळूहळू जाणारी हवा. जुना टायर रिमवरून सुटायलाच जीव काढतो, लोक दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड टायरवर टेकवून दाबतात, जमतंही, पण रिमला लागायची भीती. आणि चढवल्यावर बीड जागेवर बसायला एकदम भरपूर हवा लागते, पायपंपाने होत नाही, हवा आजूबाजूनेच निघून जाते. आम्ही छोट्या बारा व्होल्टच्या कंप्रेसरवर तासभर खपलो आणि शेवटी चाक स्कूटरच्या फूटबोर्डवर ठेवून दुकानात नेलं, तिथे मोठ्या कंप्रेसरने दोन सेकंदांत ठक-ठक असे दोन आवाज आले आणि बीड बसली. घरी कोणी ४० पीएसआयच्या वर हवा मारून बीड बसवायच्या नादी लागू नका, बऱ्याच टायरांवर तसं छापलेलंच असतं.

मशीनवर सुद्धा दुकान बघून जा. एका रस्त्यावरच्या दुकानात भावाच्या मागच्या अलॉयची कड हातोड्याने दाबली गेली होती. मशीनच्या तोंडाला प्लास्टिक आहे का, बॅलन्सिंग करतात का हे आधीच विचारा. रबरी व्हॉल्व्ह त्याच वेळी बदलून घ्या. चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टेकवू देऊ नका, खाली जुना टायर ठेवायला सांगा, एबीएसची रिंग (चाकाचा वेग मोजायला असते ती) असेल तर जास्तच. आणि घरी चाक बाहेर असताना डिस्कब्रेकचा लिव्हर कोणी दाबणार नाही याची काळजी घ्या, पॅडमध्ये पुठ्ठा घालून ठेवा.

गाडीला डबल स्टँड नसेल आणि पॅडॉक स्टँडही (चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) नसेल तर चाक काढायच्या भानगडीत पडू नका, सरळ गाडीच घेऊन जा.

टायर कुठेही चढवा, पैसे द्यायच्या आधी तो कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, दुकानातही उलटा चढतो. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी घ्या, ती टायरची हलकी बाजू असते.

घरी परत बसवताना मला सगळ्यात भीती वाटते ती मागच्या ड्रमब्रेकच्या आडव्या दांडीची, जी ब्रेक प्लेट धरून ठेवते. ती राहून गेली तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच फिरते आणि चाक जाम. तिचा नट आणि कॉटर पिन लावली का हे मी बोटाने चाचपतो, मग चेन ताणायच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी परत एकदा हवा मोजतो. पहिले शंभरेक किलोमीटर नवा टायर गुळगुळीत असतो, ओल्या रस्त्यावर गाडी झुकवू नका.