ब्रॅडफर्ड रिएजंट: फास्ट आहे, पण आधी बफर बघा
प्रोटीन मोजायला तयार ब्रॅडफर्डची बाटली घेतली, कंपनीचं नाव नाही सांगत, पण काम एकदम फास्ट, सॅम्पल टाकलं की तपकिरीचा निळा होतो आणि 5 मिनिटांत 595 नॅनोमीटर तरंगलांबीला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती गडद ते मोजणारं मशीन) रीडिंग घेऊन मोकळं. मी मात्र पहिल्याच दिवशी माती खाल्ली. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) 1 टक्का एसडीएस, म्हणजे डिटर्जंट, होतं हे डोक्यातच आलं नाही, त्यामुळे ब्लँकच (प्रोटीन न टाकलेलं सॅम्पल) निळाशार, आणि अर्धा दिवस मशीनला शिव्या घालत बसलो! असला बफर असेल तर सरळ बीसीए (प्रोटीन मोजायची दुसरी पद्धत) घ्या. बीएसएचा (तुलनेसाठी वापरायचं प्रोटीन) स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांच्या रीडिंगचा आलेख, दरवेळी नवीन काढा. क्वार्ट्झ क्युव्हेट (रीडिंगसाठी सॅम्पल ठेवायची छोटी पारदर्शक डबी) नकोच, रंगाचा डाग जाता जात नाही. 5 पैकी 4, एक स्टार बाटलीच्या झाकणासाठी कापला, गळतं.