हेल्थकेअर.गव्ह आणि मेडिकेअरची आपत्ती-नोंदणी: सवलत उदार, दार मात्र आडबाजूला

अमेरिकेत आरोग्य विमा मनात येईल तेव्हा घेता येत नाही. केंद्राच्या हेल्थकेअर.गव्ह या विमा-विक्रीच्या संकेतस्थळावर (मार्केटप्लेस) वर्षातून एकदा ओपन एन्रोलमेंट, म्हणजे सर्वांसाठी खुली नोंदणी, असते. २०२६ च्या विम्यासाठी ती १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी होती, २०२७ च्या विम्यापासून १५ डिसेंबरलाच संपते. एरवी नोकरीबरोबर विमा गेला, लग्न झालं, मूल झालं, घर बदललं, तर साधारण ६० दिवसांची विशेष मुदत मिळते. आता नेमक्या त्याच दिवसांत चक्रीवादळ, पूर किंवा वणवा आला आणि मुदत हातातून गेली तर काय? त्यासाठी आपत्तीग्रस्तांची वेगळी विशेष नोंदणी आहे. या परीक्षणात तिच्या तिन्ही खिडक्या पाहू: मार्केटप्लेस, मेडिकेअरचे (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा) खासगी प्लॅन आणि मेडिकेअर पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवांचा भाग). निकाल आधीच सांगायचा तर नियम म्हणून उत्तम, सेवा म्हणून काठावर पास.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी दूर करायला हवा. घरात पाणी शिरलं म्हणून आपोआप विमा घेण्याचा हक्क मिळत नाही. ही दुसरी संधी आहे, पहिली नव्हे. आपत्तीच्या आसपास तुमच्याकडे नोंदणीची एखादी मुदत चालू असायला हवी, मग ती ओपन एन्रोलमेंट असो की नोकरी गेल्यानंतरचे ६० दिवस, आणि आपत्तीमुळे ती हुकलेली असायला हवी. तीन वर्षं विम्याशिवाय राहणाऱ्या माणसाच्या घरावर झाड पडलं, एवढ्याने हे दार उघडत नाही. त्याने मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) पाहावं, तिथे वर्षभर अर्ज चालतो. वादळामुळे नोकरी जाऊन तिच्याबरोबर विमाही गेला असेल, तर नेहमीची विमा गेल्याची मुदत लागू होते आणि ती ऑनलाइन सरळ घेता येते. आपत्तीची खिडकी त्यानंतरची.

मार्केटप्लेसचा मुख्य नियम २०१८ च्या ऑगस्टमधला. त्याआधी प्रत्येक आपत्तीसाठी वेगळा निर्णय निघायचा. २०१७ मध्ये हार्वी, इर्मा, मारिया ही वादळं लागोपाठ आली, तेव्हा बाधितांना ३१ डिसेंबरपर्यंत वाढीव मुदत दिली होती. २०१८ पासून कायमची चौकट आहे: फेमाने (केंद्राची आपत्ती-व्यवस्थापन संस्था) तुमची काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) 'इंडिव्हिज्युअल असिस्टन्स' (लोकांना थेट मिळणारी मदत) किंवा 'पब्लिक असिस्टन्स'साठी पात्र ठरवलेली असावी, आणि तुम्ही आपत्तीच्या वेळी तिथे राहत असावेत किंवा आजही राहत असावेत. यातला दुसरा शब्द लक्षात ठेवा. पब्लिक असिस्टन्स म्हणजे रस्ते-पुलांच्या दुरुस्तीसाठी सरकारी संस्थांना मिळणारी मदत. आपल्या काउंटीत घरांसाठी मदत नाही असं कळलं की बरेच जण इथेही नाद सोडतात. विम्यासाठी दोन्हींपैकी कोणतीही एक पुरते. फेमाच्या संकेतस्थळावर आपत्तीच्या पानावर 'डेझिग्नेटेड एरियाज' असा भाग असतो, तिथे काउंटीचं नाव तपासा आणि आपत्तीचा क्रमांक टिपून ठेवा.

तारखेचा हिशेब इथे बहुतेकांचा चुकतो, आणि तोही स्वतःच्या तोट्याचा. मुदत वादळाच्या दिवसापासून मोजत नाहीत. फेमा प्रत्येक आपत्तीला 'इन्सिडेंट पीरियड' (आपत्ती चालू होती तो कालावधी) ठरवून देते, तो संपल्यापासून ६० दिवस. इयन वादळ फ्लोरिडाला २८ सप्टेंबर २०२२ रोजी धडकलं. तिथून ६० दिवस मोजले तर २७ नोव्हेंबर येतो. पण फेमाचा कालावधी होता २३ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर, म्हणजे खरी शेवटची तारीख ३ जानेवारी २०२३. पाच आठवड्यांहून जास्त फरक. पानावर शेवटच्या तारखेच्या जागी 'कंटिन्यूइंग' दिसलं तर घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. तरी निवांत बसू नका, कारण फेमा नंतर कालावधी बंद करताना मागची तारीख टाकू शकते.

या सवलतीचा खरा जीव मागच्या तारखेपासून मिळणाऱ्या विम्यात आहे, आणि नेमकं तेच कुणी नीट सांगत नाही. समजा फ्लोरिडातल्या ली काउंटीतल्या कुणाचा नोकरीचा विमा ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संपला. नेहमीची मुदत ३० ऑक्टोबरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये प्लॅन निवडला असता तर विमा १ नोव्हेंबरपासून सुरू झाला असता. इयनमुळे ते राहून गेलं आणि फोन केला २० डिसेंबरला. तेव्हा ओपन एन्रोलमेंट चालूच होती, पण १५ डिसेंबर उलटून गेल्याने तिच्यातून विमा १ फेब्रुवारीपासूनच मिळाला असता. आपत्तीच्या नोंदणीतून जादा मिळतं ते १ नोव्हेंबरपासूनचा विमा. नोव्हेंबरमध्ये इस्पितळात भरती व्हावं लागलं असेल, तर ही तारीख हजारो डॉलर वाचवते.

मात्र मागची तारीख फुकट येत नाही. मधल्या प्रत्येक महिन्याचा प्रीमियम भरावा लागतो. प्रीमियमवरची केंद्राची सवलत वजा जाता महिना ४५० डॉलर असेल तर दोन महिन्यांचे ९००. शिवाय डिडक्टिबलचा (विमा कंपनीने पैसे द्यायच्या आधी स्वतः भरायच्या रकमेचा) हिशेब १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये किरकोळ खर्च झाला असेल तर तो सगळा डिडक्टिबलमध्येच जिरेल आणि विमा कंपनीकडून हाती काही लागणार नाही. म्हणून आधी त्या महिन्यांची बिलं समोर मांडा. ती प्रीमियमच्या बेरजेपेक्षा आणि डिडक्टिबलपेक्षा बरीच मोठी असतील तरच मागची तारीख मागा. तपासणीपुरते दीडशे डॉलर गेले असतील तर पुढच्या महिन्यापासूनचाच विमा घ्यावा. मागची तारीख मिळाल्यावर डॉक्टर आणि इस्पितळाला नवा विमा क्रमांक देऊन बिल कंपनीकडे पाठवायला सांगावं लागतं, ते आपोआप होत नाही. आणि ते इस्पितळ त्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये (प्लॅनशी करार असलेल्यांत) आहे का, हे प्लॅन निवडण्याआधी बघायचं, नंतर नव्हे.

आता दाराबद्दल. ऑनलाइन अर्जात नेहमीची कारणं विचारतात: विमा गेला का, घर बदललं का, लग्न झालं का. आपत्तीमुळे मुदत हुकली हे नोंदवायला तिथून गेलात तर 'पात्र नाही' असं उत्तर पदरी पडण्याचीच शक्यता जास्त. कॉल सेंटरलाच फोन करावा लागतो: १-८००-३१८-२५९६, काही सुट्ट्या सोडल्या तर चोवीस तास. नुसतं 'वादळामुळे विमा घ्यायचा राहिला' असं म्हणू नका. सुरुवातीलाच चार गोष्टी सांगा: फेमाने जाहीर केलेल्या आपत्तीमुळे स्पेशल एन्रोलमेंट पीरियड हवा आहे, काउंटी अमुक, मूळ मुदत अमुक कारणाची होती आणि अमुक तारखेला संपली, विमा अमुक तारखेपासून हवा. चौथी गोष्ट तुम्ही मागितली नाहीत तर समोरचा पुढच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळा होतो. दुभाषा विनामूल्य मिळतो. 'मराठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदी गृहीत धरलं जाऊ शकतं. बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा.

पत्त्याची एक गंमत आहे, जी पुढे महागात पडते. घर राहण्याजोगं नसल्याने तुम्ही नातेवाइकांकडे असाल, तर बदलायचा तो टपालाचा पत्ता. राहत्या घराचा पत्ता बदललात तर दुसऱ्या काउंटीचे प्लॅन आणि दर समोर येतात, शिवाय आपत्तीच्या काउंटीचा धागाही सैल होतो. परत जाण्याचा विचारच नसेल तर गोष्ट वेगळी, मग घर बदलल्याची मुदत मागा. तिच्यासाठी आधीच्या ६० दिवसांत निदान एक दिवस विमा असावा लागतो.

विमा आहे, पण आपत्तीत प्रीमियम भरता आला नाही, अशांसाठी सावधगिरीचा इशारा. प्रीमियम थकल्यामुळे पॉलिसी रद्द झाली तर ते 'विमा गेला' या कारणात बसत नाही, म्हणजे त्यातून नवी मुदत मिळत नाही. प्रीमियमवर केंद्राची सवलत घेणाऱ्यांना तीन महिन्यांचा ग्रेस पीरियड (थकबाकी भरायची वाढीव मुदत) असतो. आपत्तीच्या काळात राज्याच्या विमा नियामकाच्या परवानगीने कंपन्या हप्त्याची मुदत वाढवू शकतात, पण तो त्यांचा निर्णय. पॉलिसी रद्द व्हायच्या आत कंपनीला फोन करून वाढीव मुदत मागा. या बाबतीत व्यवस्था फारच कंपन्यांच्या मर्जीवर सोडली आहे, हा आमचा मोठा आक्षेप.

टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना, ओहायो, मिशिगन हे हेल्थकेअर.गव्हवर आहेत. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, जॉर्जिया, इलिनॉय इथे राज्याचं स्वतःचं मार्केटप्लेस आहे, फोन तिथेच करायचा आणि नियमही तिथले. कव्हर्ड कॅलिफोर्नियात राज्यपालाने जाहीर केलेली आणीबाणीही धरतात. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या वणव्यांच्या वेळी बाधितांना अशी मुदत मिळाली.

एच-१बी, एच-४, एफ-१ व्हिसावर असलेल्यांना मार्केटप्लेसवर विमा घेता येतो, म्हणून ही खिडकीही त्यांना खुली. २०२७ पासून प्रीमियमवरची केंद्राची सवलत मात्र नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी एक-दोन गटांपुरतीच राहणार आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-वडील यात बसत नाहीत. नोकरीच्या विम्यात नवं मूल किंवा जोडीदार घालायला सहसा ३० दिवस असतात. तिथे हेल्थकेअर.गव्हचा काही संबंध नाही, पण मोठ्या आपत्तीनंतर केंद्राचा कामगार विभाग मुदती थांबवतो. २०२४ च्या हेलीन आणि मिल्टन वादळांनंतर बाधितांसाठी १ मे २०२५ पर्यंतचा काळ मोजायचा नाही असं ठरलं होतं, आणि कोब्रा (नोकरी गेल्यावर तिथलाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं) निवडण्याचे ६० दिवसही त्यात होते. एचआरला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका, विचारा.

मेडिकेअरची खिडकी तुलनेने शहाणी आहे. ॲडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) आणि पार्ट डी (औषधांचा विमा) या खासगी प्लॅनसाठी फक्त फेमाच नाही, राज्य किंवा स्थानिक सरकारने जाहीर केलेली आपत्तीही चालते. मुदत आपत्ती संपल्यानंतर पूर्ण दोन कॅलेंडर महिने. इयनच्या तारखा लावल्या तर ३१ जानेवारी २०२३ पर्यंत. सगळ्यात उपयोगी कलम असं: आई-वडील न्यू जर्सीत, विम्याचे निर्णय घ्यायला मदत करणारा मुलगा ह्यूस्टनमध्ये आणि आपत्ती ह्यूस्टनला, तरी आई-वडील पात्र ठरतात. इथेही आधीची एखादी मुदत हुकलेली असावी लागतेच. मागच्या तारखेचा लाभ मात्र नाही, विमा पुढच्या महिन्यापासून. एप्रिल २०२५ पासून एजंट किंवा कंपनीला ही नोंदणी करता येत नाही, फक्त १-८००-६३३-४२२७ वर फोन. एजंटांनी या सवलतीचा सर्रास वापर चालवला होता, त्यामुळे हा बदल योग्यच. पण कुणी एजंट आजही 'आपत्तीतून प्लॅन बदलून देतो' म्हणाला तर फोन ठेवा.

पार्ट बीची खिडकी तिन्हींत सगळ्यात मोकळी. १ जानेवारी २०२३ नंतरच्या आपत्तीमुळे नोंदणी हुकली असेल तर आपत्ती संपल्यापासून सहा महिने मिळतात. अर्ज सोशल सिक्युरिटीकडे (निवृत्तिवेतन पाहणारी केंद्राची संस्था), फॉर्म सीएमएस-१०७९७, विमा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आणि उशिराचा दंड नाही. हा दंड पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के असतो आणि पार्ट बी असेपर्यंत चालू राहतो. २०२६ चा प्रीमियम २०२.९० डॉलर, त्यावर दोन वर्षांच्या उशिराचे महिना साधारण ४० डॉलर. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात नेहमीच्या मुदतीचा फॉर्म पुढे केला जाऊ शकतो, तेव्हा वरचा क्रमांक सांगूनच मागा. अर्जात आपत्तीचं नाव, तारीख आणि तिच्यामुळे नोंदणी कशी अडली हे दोन-तीन वाक्यांत लिहा: कार्यालय बंद होतं, घर सोडावं लागलं, टपाल बंद होतं. नुसतं 'वादळ आलं होतं' पुरत नाही.

मार्केटप्लेसने नकार दिला तर पात्रतेच्या नोटिशीच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलाला फी नाही. फोनवरच्या नोंदी, फेमाच्या पानाची प्रत आणि मूळ मुदतीचा पुरावा, म्हणजे नोकरी सुटल्याचं किंवा विमा संपल्याचं पत्र, सोबत जोडा. कागद पुरात गेले असतील तर तसं लिहून पत्र द्या, आणि विमा संपल्याचं पत्र जुन्या कंपनीकडून पुन्हा मागवा.