खेळ ग्रीक मूर्खांचा, निकाल सासूबाईंचा

दिवाळीच्या सुट्टीत नणंदेची मुलं येणार म्हणून मागवलेला हा पत्त्यांचा खेळ. किंमत ८९९ रुपये. अर्ध्या पत्त्यांवर ग्रीक पुराणातला कुणीतरी काहीतरी अचाट करताना दिसतो, उरलेल्या अर्ध्यांवर त्याची पुढे झालेली गत. पत्ते उपडे पसरायचे, दोन-दोन उलटायचे, जोडी जमली की आपली. जोडी उचलताना ‘असं का झालं’ ते पटवून दिलं तर एक गुण जास्त. सगळी मजा या जादा गुणात आहे, कारण भांडणं तिथेच होतात. आमच्याकडे पंच सासूबाई. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे निकाल लेखी नसला तरी अंतिम.

सगळ्यात भारी पत्ता साल्मोनियसचा. हा एलिसचा राजा, मीच देवांचा राजा झ्यूस म्हणायचा. ढगांचा गडगडाट हवा म्हणून रथामागे काशाची भांडी बांधून रथ दामटायचा, आणि विजा म्हणून पेटत्या मशाली आकाशाकडे फेकायचा. झ्यूसने एक खरी वीज टाकली. राजा गेला आणि त्याचं शहरही. चित्रकाराने भांड्यांना आलेले पोचेसुद्धा काढलेत. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या भाच्याने सायकलच्या कॅरिअरला सुतळीने स्टीलचे डबे बांधून सोसायटीला फेऱ्या मारल्या, तेही भर दुपारी सगळे झोपलेले असताना. तळमजल्यावरच्या काकांनी झ्यूसचं काम केलं.

मिडासच्या दोन जोड्या आहेत हे मला आवडलं. हात लावीन त्याचं सोनं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण पत्त्यावर त्याची सोन्याची झालेली मुलगी कशाला? रोमन कवी ऑव्हिडच्या कवितेत ती नाहीच. ती भर एकोणिसाव्या शतकात अमेरिकन लेखक हॉथॉर्नने घातली. ऑव्हिडचा मिडास भाकरीला आणि घोटभर वाइनला महाग होतो, आणि तेवढं पुरेसं आहे. मग पॅक्टोलस नदीच्या उगमाशी डोकं बुडवून तो सुटतो आणि नदीच्या वाळूत सोनं उतरतं. लिडियातल्या त्या नदीत सोनं खरोखरच मिळायचं. दुसऱ्या जोडीत हाच गृहस्थ अपोलो आणि पॅन या देवांच्या संगीताच्या सामन्यात, कुणी विचारलेलं नसताना, निकाल चुकीचा म्हणून मधे तोंड घालतो आणि गाढवाचे कान मिळवतो. पागोट्याखाली कान लपवतो खरा, पण न्हाव्यापासून काय लपणार! भाचीने विचारलं, “मामी, तो एकदा अद्दल घडून सुधारला नव्हता का?” तिला जादा गुण मिळाला.

सासूबाईंची आवडती जोडी टिथोनसची. पहाटेची देवी ईऑस हिने आपल्या माणसासाठी झ्यूसकडून अमरत्व मागून घेतलं, तारुण्य मागायचं राहिलं. तो म्हातारा होत गेला, हातपाय हलेनात, शेवटी तिने त्याला खोलीत बंद केलं आणि आतून नुसता बडबडीचा आवाज येत राहिला. पुढच्या कथांत त्याचा सिकाडा, म्हणजे किरकिरणारा किडा होतो, पत्त्यावर तोच आहे. सासूबाई म्हणाल्या, “अर्ज अपुरा भरला की हेच होतं. भस्मासुराचा अर्ज तरी नीट होता, त्याची अक्कल कमी पडली.” मुलांना भस्मासुर माहीत नव्हता. मग अर्धा तास खेळ बंद.

एरिसिक्थॉनने डिमिटर देवीच्या राईतलं झाड तोडलं आणि त्याला कधीच न शमणारी भूक लागली. ऑव्हिडकडे तो शेवटी स्वतःलाच खातो; पत्त्यावर तो तिठ्यावर भीक मागताना दिसतो, हा ग्रीक कवी कॅलिमाकसचा शेवट. मुलांच्या खेळाला योग्य. मुलांना अर्थात दुसराच हवा होता.

आता तक्रारी. अराक्नीला यात का घातलंय? अथीनाशी विणकामाची पैज लावली हा आगाऊपणा कबूल, पण तिच्या विणकामात खुद्द अथीनालाही खोट सापडली नाही. देवीने ते वस्त्र फाडलं आणि तिच्या कपाळावर धोटा हाणला. “काम चोख होतं ना? मग हिची फाइल इथे कशी?” म्हणत सासूबाईंनी ती जोडी बाद केली. अ‍ॅक्टिऑनचंही तेच. शिकारीला गेला, रानात भटकता भटकता आंघोळ करणारी आर्टेमिस दिसली, देवीने त्याचा हरिण केला आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडला. यात नशिबाचा दोष, गुन्हा नाही, असं ऑव्हिड स्वतः सांगतो. खेळ बनवणाऱ्यांनी तेवढं वाचायला हवं होतं.

मुलांच्या संख्येची बढाई मारून ती गमावणाऱ्या निओबीची चौदा मुलं दाखवलीत. ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात बारा आहेत, यावरून मी हुज्जत घातली आणि हरले.

पत्ते जाड आहेत पण कडा लवकर सुटतात. चकलीचे हात लागले की संपलंच. नियमांचा कागद मुंगीच्या अक्षरात. नावांचे उच्चार कुठेच दिलेले नाहीत, त्यामुळे एरिसिक्थॉन आमच्याकडे कायमचा ‘एरीकाका’ झाला. विक्रेत्याला फाटक्या डब्याचा फोटो पाठवला, उत्तर नाही. ब्रँडचं नाव मुद्दामच देत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. आठ वर्षांखालच्या मुलांना कंटाळा येईल. घरात वाद घालणारं एखादं वडीलधारं माणूस नसेल तर घेऊ नका, नुसत्या जोड्या लावायला ८९९ रुपये जास्त आहेत.